या पत्त्यावर कोणी राहत नाही

शनिवारी सकाळी, कॉफीचा पहिला घोट घशाखाली जायच्या आत, हिन्रिख ब्र्यूनिंगला आपल्या मुलीचं नाव दिसलं. नको त्या ठिकाणी दिसलं. त्याच्या घरी जिन्याखालच्या कपाटात त्याचा स्वतःचा ईमेलचा सर्व्हर होता. कुणीतरी टाकून दिलेलं एक काळं यंत्र त्याने उचलून आणलं होतं, आणि गेली एकोणीस वर्षं त्याची सगळी पत्रं त्यातूनच येत-जात होती, मधे ना कुठली कंपनी, ना कुणाची मेहेरबानी. दारात कोण आलं, कुणाला आत घेतलं, कुणाला हाकललं, याची ते यंत्र इमानाने नोंद ठेवी. हाकललेल्यांची यादी हिन्रिख आठवड्यातून एकदा, शनिवारी, निवांत वाचत असे. ब्रेमेनमधली त्याच्या वयाची माणसं शनिवारी बाजारात मासे घ्यायला जात, तो ही यादी वाचे. तिच्यात बहुतेक सगळे भामटे असत. गोळ्या विकणारे, बक्षीस लागलं म्हणणारे, कुणाच्या तरी बँकेचं सोंग घेऊन आलेले. त्यांना आपल्या यंत्राने दारातूनच कसं पिटाळलं हे वाचताना त्याला बरं वाटायचं. त्या गर्दीत, खिडकीचे पडदे विकणाऱ्या एकाच्या खाली, फ्राउके ब्र्यूनिंग. सोमवार, संध्याकाळी सात बारा. खाली पुन्हा फ्राउके ब्र्यूनिंग, बुधवार. आणि काल, शुक्रवारी, पुन्हा एकदा. तिन्हीपुढे एकच शेरा, परत पाठवलं.

त्याने कप खाली ठेवला तो बशीत नीट बसला नाही. चार वर्षांत तिचं अक्षर नव्हतं आलं. चार वर्षं आणि काही महिने. महिने त्याला ठाऊक होते, पण मोजत नाही असं तो स्वतःला सांगत असे. आणि आता तीनदा आली होती आणि तीनदा दारातून परत गेली होती, आणि त्या सबंध आठवड्यात तो इथेच होता, दहा पावलांवर, राय धान्याचा पाव कापत, रेडिओ ऐकत. नोंदीत बाकी काय होतं? कुणी पाठवलं, कधी पाठवलं, पत्र केवढं होतं. आत काय होतं ते नव्हतं. पत्र उघडून बघून मग नाकारणं त्याला असभ्य वाटे, म्हणून नाकारायचं ते पाकीट बघूनच, असं त्याने यंत्राला शिकवलं होतं. या शिकवणीचा त्याला अभिमान होता. आता तो पाकिटाच्या आकड्यांकडे बघत बसला. सोमवारचं पत्र मोठं होतं, सोबत काहीतरी जोडलेलं असावं, बरीच पानं. बुधवारचं अगदी तेवढंच, एका अक्षराचाही फरक नाही. म्हणजे तेच पुन्हा पाठवलं, काहीतरी चुकलं असेल म्हणून. शुक्रवारचं इवलंसं. दोन ओळी असतील, किंवा एकच. कुणी कुणाला किती पत्रं लिहिली याची बाहेरून मोजदाद करणाऱ्यांचा त्याने जन्मभर तिरस्कार केला होता, आणि आज तो स्वतः पोटच्या मुलीच्या पाकिटांची जाडी मोजत बसला होता.

हे वेड तसं जुनं. गेझीनच्या आणि त्याच्या लग्नाचं मूळसुद्धा त्यातच होतं. सत्त्याऐंशी साली सरकारने शिरगणतीचे फॉर्म घरोघर वाटले, तेव्हा ब्रेमेनच्या नॉयश्टाट भागातल्या एका स्वयंपाकघरात दहाबारा तरुण मंडळी कात्र्या घेऊन बसली होती. फॉर्मच्या कोपऱ्यातला क्रमांक कापून टाकायचा, म्हणजे कोणता फॉर्म कुणाचा ते सरकारला कळणार नाही. गेझीन लायब्ररीत नोकरी करायची, तिची कात्री सरळ चालायची. हिन्रिखची वाकडी. तिने त्याच्या हातातून फॉर्म घेतला, कोपरा कापून दिला आणि म्हणाली, "तुझ्यासारख्याला पहिल्यांदा पकडतील." तो तेव्हा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होता. तारा तपासताना कानाला यंत्र लावावं लागे, आणि लावलं की माणसं बोलताना ऐकू येत. ऐकायचं नाही, लाइन चालू आहे एवढं बघून सोडायचं, हा नियम. बहुतेक वेळा तो पाळला जाई. एकदा एक माणूस आपल्या भावाला सांगत होता की मला आता जगवत नाही, आणि भाऊ पलीकडून काहीच बोलत नव्हता, आणि हिन्रिख यंत्र कानाला लावून तसाच उभा राहिला, ते बोलणं संपेपर्यंत. त्या माणसाचं नाव त्याला कधी कळलं नाही. पण रस्त्याने जाताना कितीतरी दिवस त्याला वाटे, हा असेल, तो असेल, आणि ज्याने आपलं दुःख एकाला सांगितलं त्याला ठाऊक नाही की ते दोघांनी ऐकलं. तिथून त्याने मनाशी धरलं की माणसाचं बोलणं ज्याच्यासाठी आहे त्याच्याकडेच गेलं पाहिजे. पुढे ईमेलचं युग आलं, सगळं जग आपली पत्रं दोनचार कंपन्यांच्या तळघरात ठेवू लागलं, तेव्हा त्याने जिन्याखालचं कपाट रिकामं केलं. गेझीन त्या यंत्राला भाडेकरू म्हणायची. "भाडेकरूला ताप आलाय बघ," पंखा जोरात फिरला की सांगायची. पण तिची पत्रंही त्यातूनच जात, शेवटची दोन वर्षं इस्पितळातूनसुद्धा.

घरी स्वतःचा सर्व्हर चालवणाऱ्या मंडळींची एक पद्धत असते. प्रत्येकाला आपला वेगळा पत्ता द्यायचा. दूधवाल्याला एक, दाताच्या डॉक्टरला एक, बहिणीला एक, मुलीला एक. मग एखाद्या पत्त्यावर भलतीच जाहिरात आली की लगेच कळतं कोणी बेइमानी केली, कुणाकडून पत्ता फुटला, आणि तेवढा एक पत्ता बंद करून टाकता येतो. घराला जितकी माणसं तितकी दारं, असं हिन्रिख कौतुकाने सांगत असे. चार वर्षांपूर्वी फ्राउकेच्या दारातून खिडकीचे पडदे विकणारा आला. तिच्या फोनने तिची सगळी पत्त्यांची वही कुणाला तरी वाटून टाकली होती, लाखो लोकांचे फोन तेच करतात. त्याने तिला फोन केला. गेझीनला जाऊन तेव्हा दोन वर्षं होत होती. फ्राउके हॅनोव्हरला होती, नोकरीवरून नुकती घरी आली होती, थकलेली होती, हे त्याला तिच्या आवाजावरून कळत होतं, आणि तरी तो वीस मिनिटं बोलला. दिलेली वस्तू सांभाळता येत नाही तर घ्यायची कशाला, असं काहीतरी म्हणाला. ती म्हणाली, "बाबा, मी तुझी मुलगी आहे की तुझ्या यादीतली एक नोंद?" त्याने नियम पुन्हा समजावून सांगितला. तिने फोन ठेवला. त्याने तिचा पत्ता बंद केला आणि नवा पत्ता एका कार्डावर लिहून टपालाने पाठवला. कार्ड पोचलं असणार, असं तो धरून चालला. ती घर बदलत होती हे त्याला ठाऊक होतं. आणि नव्या दारातून चार वर्षं कोणी आलं नाही, तेव्हा तिलाच यायचं नाही असंही तो धरून चालला. राग आला की माणूस किती गोष्टी धरून चालतो. आज त्याला त्या एकेक आठवल्या आणि आपलीच लाज वाटली.

पण खरी आठवण त्याला भांडी विसळताना आली. नळ तसाच चालू राहिला. परत पाठवलेल्या पत्रासोबत यंत्र काहीतरी मजकूर पाठवतं. इतरांकडे तो कोरडा असतो, असा पत्ता नाही वगैरे. हिन्रिखने आपला मजकूर स्वतः लिहिला होता. वर्षानुवर्षं दुकानदारांवर चिडून चिडून एका संध्याकाळी बसून लिहिला होता आणि अशाच सर्व्हरवाल्यांच्या क्लबात आपल्या मित्राला, टियार्कला, वाचून दाखवला होता, टियार्क हसता हसता टेबलावर आपटला होता. हात न पुसताच तो टेबलाशी गेला आणि त्याने तो उघडून वाचला. 'हा पत्ता तुम्हाला विश्वासाने दिला होता. तुम्ही तो सांभाळला नाहीत. आता या पत्त्यावर तुमच्यासाठी कोणी राहत नाही. पुन्हा येऊ नका.' तीनदा. सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी. ओल्या हातांचा पाण्याचा ठसा टेबलावर उमटला होता, त्याकडे तो बघत राहिला.  आपण हे लिहिलं तेव्हा हसत होतो, एवढंच त्याला पुन्हा पुन्हा वाटत होतं, जसं काही ते कुणाला सांगता आलं असतं.

त्याने ताबडतोब पत्ता उघडला, मजकूर पुसला आणि तिला पत्र लिहिलं. चार ओळी. पत्र मिनिटाभरात परत आलं. फ्राउकेची पत्रपेटी एका मोठ्या कंपनीकडे होती, आणि त्या कंपनीने सभ्य शब्दांत कळवलं होतं की घरगुती जोडणीवरून आलेली पत्रं आम्ही घेत नाही, तुमच्या ठिकाणाची आमच्याकडे पत नाही. हे त्याच्या यंत्राच्या बाबतीत अधूनमधून होत असे आणि एरवी तो दोन आठवडे तक्रारी करत भांडून ते सोडवून घेई, त्यात त्याला गंमतही वाटे. त्याने टियार्कला फोन केला. टियार्कने तीन वर्षांपूर्वी आपलं यंत्र बंद केलं होतं, आणि तेव्हापासून क्लबात त्याला सगळे बाटगा म्हणत. हिन्रिख सगळ्यात आधी म्हणाला होता. टियार्कने सगळं ऐकून घेतलं, एकदाही हसला नाही. "त्याच कंपनीत खातं काढ," तो म्हणाला. "पाच मिनिटं लागतात. तिथून तिथे पत्र जाणारच." हिन्रिखने दुसरा काही मार्ग आहे का विचारलं. टियार्क म्हणाला, आहे, पंधरा दिवसांचा.

पंधरा दिवस आहेत की नाहीत, हे त्याला कळत नव्हतं. म्हणून त्याने आल्मुटला फोन लावला. आल्मुट गेझीनची थोरली बहीण, डेल्मेनहोर्स्टला राहायची, आणि फ्राउकेचं तिच्याकडे जाणंयेणं होतं. हे ठाऊक असूनही चार वर्षांत त्याने तिला कधी काही विचारलं नव्हतं. आल्मुटने त्याचा आवाज लगेच ओळखला.

"तिला मिळालं तुझं उत्तर," ती म्हणाली. "मला वाचून दाखवलं तिने. तीनदा."

त्याने समजावून सांगायला सुरुवात केली. यंत्र, पत्ते, दारं, पडदेवाला. सांगता सांगता त्याच्या लक्षात आलं की हे सगळं खरं असूनही कुणालाही खोटं वाटेल असंच आहे. आल्मुटने त्याला मधेच थांबवलं.

"लिहिलं कुणी होतं ते?"

"मी."

"मग झालं तर."

तिने काय पाठवलं होतं, त्याने विचारलं. आल्मुट म्हणाली, ते ती सांगणार नाही. फ्राउकेने तिला विश्वासाने सांगितलं होतं. मग त्याने फ्राउकेचा नवा नंबर मागितला, त्याच्याकडचा जुना आता लागत नव्हता, आणि आल्मुटच्या आवाजात पहिल्यांदा थोडी धार आली. "विचारल्याशिवाय कुणाचा नंबर कुणाला द्यायचा नाही, हे माझ्या घरी जेवायला बसून तू मला शिकवलंस, हिन्रिख. गेझीन टेबलाखालून तुला लाथ मारत होती. मी नाही देणार. आणि तिला विचारणारही नाही. हे दोन दिवस तिला शांत राहू दे, मंगळवार होऊन जाऊ दे, मग बघ काय ते."

"मंगळवारी काय आहे?"

 तारेत अगदी बारीक गुणगुण होती, तशी असतेच. त्याच्या कानाला तीसपस्तीस वर्षांची सवय होती, समोरचं माणूस रिसीव्हर तोंडापासून लांब धरून रडत असलं की त्या गुणगुणीचा पोत बदलतो.

"गेझीन माझी बहीण होती," ती शेवटी म्हणाली. "तिच्या आजारासाठी मलाही तपासून झालंय, माझं ठीक आहे. याहून जास्त मला विचारू नकोस." आणि मग, ठेवता ठेवता, "मी तिला म्हटलं होतं, अगं, फोन कर त्याला. तर म्हणाली, असले कागद पाठवायचे तर बाबाकडेच. बाकी सगळीकडे लोक वाचतात."

तो बराच वेळ जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर बसून राहिला. मागे कपाटात पंखा फिरत होता. एकोणीस वर्षांत त्या यंत्राने हजारो पत्रं आत घेतली होती: वीजबिलं, क्लबाच्या बैठकांचे वृत्तांत, बियाणांची सूचीपत्रं, टियार्कचे विनोद. ते सगळं त्याने डोळ्यांत तेल घालून जपलं होतं. आणि ज्या एका पत्रासाठी खरोखर असं घर असायला हवं होतं ते आलं, तर ते दारातून परत गेलं. जगात दुसरी कुणी नाही, तीच एकटी होती जिने त्याच्या या वेडावर भांडूनही विश्वास ठेवला. चार वर्षांच्या अबोल्यात ठेवला. त्याला गेझीनचं ते शेवटचं वर्ष आठवलं, तिचे विरळ झालेले केस, डॉक्टरांच्या कागदांवरचे ते आकडे, ज्यांचे अर्थ ती लायब्ररीतली पुस्तकं काढून त्याला समजावून सांगायची. आता तेच आकडे दुसऱ्या नावाने. बाहेर ऊन होतं, कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. तो घाबरला होता. असा तो गेझीनच्या वेळीही घाबरला नव्हता, कारण तेव्हा घाबरायला ती सोबत होती.

दुपारी त्याने त्या कंपनीचा फॉर्म उघडला. नाव विचारलं, त्याने खरं लिहिलं. जन्मतारीख विचारली. अशा ठिकाणी तो नेहमी एक जानेवारी एकोणीसशे लिहीत असे. आज त्याने खरी लिहिली, कारण खोट्या तारखेवरून अडवलं तर परत पहिल्यापासून करावं लागलं असतं. मोबाइलचा नंबर विचारला, तो दिला. अटी मान्य आहेत का विचारलं. अटींची पानं त्रेचाळीस होती. दुसरी माणसं न वाचता खूण करतात म्हणून त्याने भर जेवणात लोकांना भाषणं दिली होती. त्याने खूण केली. हे करताना आपल्याला फार काही वाटेल अशी त्याची समजूत होती, पण काहीच वाटलं नाही, फक्त बोटं चुकीच्या अक्षरांवर पडत होती. मग त्याने लिहिलं: 'फ्राउके, ते उत्तर माझं नव्हतं, यंत्राचं होतं, पण शब्द माझे होते. मी चुकलो. तुझं पत्र माझ्यापर्यंत पोचलंच नाही. मला यायचं आहे. बाबा.'

उत्तर रविवारी सकाळी आलं. ते आलेलं दिसलं तेव्हा त्याला उभं राहावं लागलं.

'तुम्ही कोण आहात ते मला ठाऊक नाही. माझा बाबा या कंपनीतून पत्र लिहिणार नाही, मरायला टेकला तरी नाही. माझी या आठवड्यातली पत्रं कुणीतरी वाचलेली दिसतात. तुम्ही खरोखर तो असाल तर असं काहीतरी लिहा जे आणखी कुणालाही ठाऊक असणार नाही. नाहीतर पुन्हा लिहू नका.'

त्याला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांना पाणी आलं. किती नीट शिकवलं होतं त्याने तिला. तो टेबलाशी बसला आणि आठवणी काढू लागला. वेझर नदीच्या काठावर ती सायकल शिकली ती जागा. पण ते आल्मुटला ठाऊक होतं. कुत्र्याचं नाव, ते सगळ्या गल्लीला. गेझीनचे शेवटचे शब्द. तिथे नर्स होती. जे जे सुचलं त्याला कुणीतरी साक्षीदार होताच, आणि जे बिनसाक्षीचं होतं ते तिलाही ठाऊक नव्हतं. फक्त तिला आणि त्याला, असं काय होतं दोघांमध्ये? बापलेकीच्या अडतीस वर्षांत असं एकही काही नसावं, हे त्याच्याने सोसवेना. मग एक गोष्ट हळूच वर आली. ती कधी खाली गेलीच नव्हती, फक्त तिच्याकडे बघायचं नाही असं त्याने ठरवलं होतं.

ती पंधरा वर्षांची होती. त्या वसंतात ती घरात बोलेनाशी झाली होती, आणि काय झालंय ते कळावं म्हणून एका दुपारी, घरात कोणी नसताना, त्याने तिच्या कपाटातून, हिवाळी स्वेटरांच्या घडीखालून, तिची निळी वही काढली आणि वाचली. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. कुणी उघडली तर कळावं म्हणून वहीवर तिने एक केस आडवा चिकटवून ठेवला होता, तो त्याला दिसलाच नाही. संध्याकाळी तिला कळलं, आणि कपाटात कपडे आईच ठेवते म्हणून तिने आईला विचारलं. गेझीनने टेबलापलीकडून हिन्रिखकडे बघितलं. तो ब्रेडला लोणी लावत होता. गेझीन म्हणाली, हो, माझ्या हातून उघडली गेली. तो सबंध उन्हाळा फ्राउके आईशी बोलली नाही. तो बोलू शकला असता, त्या संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी, त्यानंतरच्या कुठल्याही दिवशी. तो बोलला नाही. गेझीननेही पुढे कधी हा विषय काढला नाही, आणि पत्रांच्या पावित्र्यावर तो टेबलाशी बोलायला लागला की ती उठून भांडी आवरायला जायची. वर्षानुवर्षं त्याला वाटे तिला या विषयाचा कंटाळा आहे.

वहीतली एक ओळ त्याला शब्दाशब्दाने पाठ होती. ती जगात फक्त दोघांनी वाचली होती, जिने लिहिली तिने आणि ज्याने चोरून उघडली त्याने. आता ती त्या कंपनीच्या तळघरात जाणार, कुठल्याशा यंत्राच्या डोळ्यांखालून, कायमची. त्याने टाइप केलं: 'तू पंधरा वर्षांची असताना तुझी निळी वही आईने वाचली नव्हती. मी वाचली. तिने माझ्यासाठी ते अंगावर घेतलं आणि मी घेऊ दिलं. त्यात तू लिहिलं होतंस, बाबा घरात असला की मी हळू विचार करते, त्याला ऐकू जाईल म्हणून.' खाली नाव घातलं नाही. पाठवलं.

दुपारचे तीन वाजले. त्याने बटाटे सोलले आणि ते पाण्यात तसेच ठेवून दिले. उत्तर आलं नाही. साडेचारला पॅसेजमधला जुना फोन वाजला, तो भिंतीला हात लावत तिथवर गेला आणि त्याने रिसीव्हर उचलला. पलीकडे कोणी बोलत नव्हतं. श्वास होता. तो त्याने ओळखला, आणि पहिल्यांदाच त्याला वाटलं, आपण ऐकू नये, तिने बोलेपर्यंत आपण कान बंद करून उभं राहावं.

"मी आईची माफीसुद्धा मागितली नाही," फ्राउके म्हणाली. "ती गेली तेव्हा ते माझ्या मनात होतं. की तिने वाचली होती."

"हो," तो म्हणाला.

"तू काहीच बोलला नाहीस."

"नाही."

 तिने नाक शिंकरलं. मग तिचा आवाज अगदी साधा, कामाचा झाला, गेझीन दवाखान्याच्या वेळा सांगायची तसा. "मंगळवारी आठला दाखल करून घेणार आहेत. मी साडेसातला दाराशी असेन. मी अजून तुला माफ केलेलं नाही, बाबा. पण एकटीने आत जायचं नाही मला."

काय झालंय ते त्याने विचारलं नाही. कुठे, एवढंच विचारलं, आणि ती सांगत गेली तसं लिहून घेतलं.